मेलेल्या पाखराची नोंद

माणूस गेला की आपण कावळ्याची वाट पाहतो. पिंडाला तो शिवतो की नाही, याकडे घरादाराचे डोळे लागलेले असतात. पण कावळा स्वतः कुठे मरतो? चिमणी, साळुंकी, बुलबुल कुठे मरतात? एखाद्या गावातल्या चिमण्यांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहत असेल, तर जितक्या जन्मतात तितक्याच मरत असल्या पाहिजेत. चिमणीची जोडी एका वर्षात दोन-तीनदा अंडी घालते. म्हणजे दर जोडीमागे वर्षाला कित्येक मृत्यू होतात. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेली मेलेली पाखरे बोटांवर मोजता येतील.

याचे पहिले उत्तर साधे आहे. बहुतेक पाखरे म्हातारी होऊन मरतच नाहीत, ती कुणाच्या तरी पोटात जातात. आजारी पडलेले पाखरू उघड्यावर बसत नाही, दाट झुडपात किंवा वळचणीला शिरते. तिथे ते मेले तर मांजर, मुंगूस, घूस, कावळे आणि मुंग्या फार वेळ लावत नाहीत. कीटकनाशकांनी किती पक्षी मरतात हे शोधणाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. म्हणून अमेरिकेत मेलेले पक्षी मुद्दाम शेतात ठेवून, ते किती वेळ टिकतात हे पाहण्यात आले. १९८६ मध्ये ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात अशी एक पाहणी छापून आली. मक्याच्या शेतांत ठेवलेल्या लहान पक्ष्यांपैकी बहुतांश पहिल्या चोवीस तासांतच नाहीसे झाले होते. दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या माणसाला काहीच दिसले नसते आणि ‘इथे पक्षी मेले नाहीत’ असे त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते.

दुसरे उत्तर निसर्गात नाही, आपल्या इतिहासात आहे. मृत्यूची नोंद तिथेच राहते, जिथे त्या मृत्यूवर कुणाचा तरी हक्क किंवा बोजा असतो. गावगाड्यात बैल मेला की त्याचा हिशेब होता. मढे कोणी ओढायचे, कातडे कोणाचे, हे ठरलेले होते. तो बोजा महार समाजावर जन्माने लादलेला होता. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा गुराचा मृत्यू हा सामाजिक न्यायाचा प्रश्न म्हणून कागदावर आला. पाखराच्या मृत्यूवर असा कुणाचा हक्क नव्हता आणि कुणावर त्याचे ओझेही नव्हते. ज्याचे अंत्यसंस्कार झाले असा आपल्या स्मरणातला पक्षी एकच, जटायू. इगतपुरी तालुक्यातले टाकेद त्याच्या नावाने तीर्थ झाले, तेही रामाशी त्याचे नाते होते म्हणून.

वानराच्या मृत्यूकडे मात्र लक्ष गेले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला, तेव्हा गोचिडांतून पसरणारा एक नवा विषाणू सापडला. रशियातल्या अशाच एका विषाणूशी त्याचे साम्य होते, म्हणून तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आला असेल का, अशी शंका निघाली. त्यातूनच १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे मोठे काम हाती घेतले. कडीवर ‘मुंबईला कळवा’ अशा अर्थाचा मजकूर असे. कडी घातलेल्या पक्ष्यांपैकी अगदी थोड्यांचीच पुढे खबर लागते. जगभर हाच अनुभव आहे. कडी हे एका अर्थी पाखराच्या मृत्यूवर कुणाचा तरी हक्क आहे असे सांगणारे पत्र, पण ते वाचायला मेलेला पक्षी कुणाला तरी सापडावा लागतो.

या न दिसण्याची किंमत किती असते, ते गिधाडांनी दाखवून दिले. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत सर्वाधिक संख्येने आढळणारे असावे, असे मानले जाई. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात त्यांची सुमारे साडेतीनशे घरटी होती. तिथे वर्षानुवर्षे मोजणी करणाऱ्या विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकात घरटी ओस पडलेली दिसली. मान खाली टाकून बसलेली गिधाडे दिसली, फांद्यांत अडकलेले मृतदेह दिसले. २००३ पर्यंत तिथे एकही जोडी उरली नव्हती. १९९२ ते २००७ या काळात देशातल्या या जातीची घट ९९.९ टक्के भरली. कोटींच्या घरातले, माणसाच्या कमरेला लागतील एवढे पक्षी गेले आणि गावोगावच्या लोकांना आठवते ते एवढेच, की ‘अलीकडे दिसत नाहीत’.

कारण शोधायलाही प्रेतेच हवी होती, तीही ताजी. आपल्या उन्हात प्रेत काही तासांत सडते. प्रथम संशय संसर्गाचा होता. पाकिस्तानातल्या पंजाबात ताजी प्रेते मिळवून ती तपासणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर छापले: डायक्लोफेनॅक. गुरांना दिले जाणारे हे स्वस्त वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडे निकामी होत आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे. विष खाल्लेले गिधाड लगेच कोसळत नाही. ते उडून जाते आणि दिवसा-दोन दिवसांनी दूर कुठेतरी मरते. त्यामुळे मेलेली गाय आणि मेलेले गिधाड एकाच माणसाच्या नजरेला सहसा पडत नाही. शिवाय एका मढ्यावर शेकडो गिधाडे जेवतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली, तरी एवढी घसरण होऊ शकते, असे गणिताने दिसून आले.

या मृत्यूंचा हिशेब शेवटी माणसांच्या मृत्यूंतून झाला. मढी उघड्यावर कुजली, भटकी कुत्री आणि रोगराई वाढली. २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. मुंबईच्या डुंगरवाडीत मात्र गिधाडांचे जाणे आधीच जाणवले होते, कारण तिथे पारशी समाजाचा एक विधी त्यांच्यावर अवलंबून होता. जिथे नाते होते, तिथे नजर होती.

२००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. बंदी पाळली जाते का, हे कसे तपासायचे? मेलेली गिधाडे शोधत बसणे व्यर्थ होते. म्हणून संशोधकांनी मेलेल्या गुरांची यकृते तपासली. बंदीपूर्वी सुमारे दहा टक्के नमुन्यांत औषध सापडले होते, नंतर ते प्रमाण घटले, पण शून्यावर आले नाही. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही बंधन आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली.

‘मेलेले पक्षी दिसले नाहीत’ या वाक्याला म्हणूनच पुरावा म्हणता येत नाही. ते कधीच फारसे दिसत नाहीत. पुरावा असतो तो त्याच झाडाखाली दरवर्षी जाऊन जिवंत घरटी मोजणाऱ्या माणसाच्या वहीत. भरतपूरला ती वही होती, म्हणून आपल्याला निदान आकडा तरी कळला. चिमण्यांची, माळढोकांच्या शेजारी राहणाऱ्या चंडोलांची, पाणथळीतल्या टिटव्यांची अशी वही आपल्या किती गावांत आहे?