झाडीपट्टी रंगभूमीवरील नट्या

झाडीपट्टी रंगभूमीवरील नट्या : पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील व्यावसायिक नाटकांत भूमिका करणाऱ्या, गाणाऱ्या व नाचणाऱ्या स्त्री-कलावंत. दिवाळीत धान निघू लागले की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तेव्हापासून होळीच्या आसपासपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. कंपन्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा.

दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या प्रकारांत बाईचे सोंग पुरुषच घेत. मुंबईत १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे पुरुष नटांबरोबर उभ्या राहिल्या, ती सुशिक्षितांची सुधारणा ठरली. झाडीपट्टीत बाई आली ती निराळ्या वाटेने. नाटक गावातली हौशी पोरे बसवीत. गावच्या लेकी-सुनांनी तोंडाला रंग लावणे कुणाला चालत नसे, म्हणून नटी नागपूरकडून पैसे देऊन आणली जाई. पुरुष गावचा आणि हौशी. बाई परकी आणि बिदागीवरची. पुढे कंपन्या उभ्या राहिल्या, नटही ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, काम करू लागले, पण पैसे घेऊन नाचणारी ही नजर नटीवरच राहिली.

या नाटकांतले संगीत जिवंत असते. ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड यांच्या साथीवर नटी स्वतः गाते आणि पौषातल्या थंडीत वन्समोर आला की तेच गाणे पुन्हा म्हणते. साथीला बसणारे मात्र बहुतेक पुरुषच. कथेला गरज असो-नसो, लावणी हवीच असते. तिकीट तिच्यावर खपते आणि नाटक बिघडल्याचा दोषही तिलाच लागतो. ही तक्रार करणारेच वन्समोरला पुढे असतात. अलीकडच्या ‘डान्स हंगामा’ कार्यक्रमांनी तर नाटकच बाजूला सारले. त्यांतील अश्लीलतेची चर्चा नाचणारीपाशी थांबते, कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळापर्यंत क्वचितच पोचते.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील ‘रायट गर्ल’ चळवळीच्या रॉक गायिकांनी मंचावरच्या बाईकडे बघण्याच्या अशाच नजरेविरुद्ध गाणी रचली. ‘बिकिनी किल’ हा बँड श्रोत्यांतल्या मुलींना मंचापुढे बोलावून घेई. वडशाच्या नटीला असे करणे सोपे नाही. तिथे संवाद लेखकाचे, कंपनी मालकाची आणि पुढचा हंगाम त्याच्याच मर्जीवर.

याच रंगभूमीवरचे, गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी, २०२२ मध्ये, ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने ही रंगभूमी बाहेरच्यांना दाखवली होती.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हंगामी व रोजंदारीवरील स्त्रियांनाही, म्हणजे नटीलाही, लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपनीतील, किंवा खुद्द मालकाविरुद्धची, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती करावी लागते. नटीचे ते महिने बहुधा गाडीत आणि रंगमंचावर जातात.