बोरकर, तुळशीदास
(18 नोव्हेंबर 1934 – 29 सप्टेंबर 2018). ख्यातनाम संवादिनीवादक. जन्म गोव्यातील बोरी येथे. संगीताचे पहिले धडे आई जयश्रीबाईंकडून मिळाले. पुढे छोटा गंधर्वांच्या सहवासात नाट्यपदांची नजाकत आत्मसात झाली. मधुकर पेडणेकर ऊर्फ पी. मधुकर यांच्याकडे त्यांनी संवादिनीची (पेटीची) तालीम घेतली. पेटीचे स्वर पट्ट्यांत बांधलेले असल्याने तिच्यातून खरी मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकणे) निघत नाही. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, त्यामागे हाही आक्षेप होता. मींडेची ही उणीव वादकाला डाव्या हाताने भात्यावर राखलेला दाब आणि उजव्या हाताची हलकी, सलग बोटे यांनी भरून काढावी लागते. साथ व एकलवादन दोन्हींत बोरकरांनी नाव मिळवले. सुधीर नायक हे त्यांचे शिष्य. 2016 मध्ये पद्मश्री.