रथाच्या खिळीपासून टायटॅनियमच्या नटापर्यंत

आजचा विषय आहे गाडीच्या चाकांचे हलके नट-बोल्ट. बोईसरमध्ये हा विषय ठेवायचं कारण उघड आहे. तारापूर एमआयडीसीत पोलादाचे, तारेचे, रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे इथे धातूशी रोज संबंध येणारी माणसं घरोघरी आहेत. आणि हल्ली तरुण मुलं विचारतात, "सर, चाकाला टायटॅनियमचे नट टाकू का?" उत्तर देतो, पण जरा मागून येऊ.

कैकेयीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. रणांगणात दशरथाच्या रथाची खीळ निसटली, तिने तिथे आपला हात घातला, आणि पुढे ते दोन वर. एवढ्याशा खिळीवर अख्खा रथ उभा असतो, हे गोष्ट रचणाऱ्याला पक्कं माहीत होतं. आपल्या बैलगाडीतही तेच. आसाच्या टोकाला खीळ, आणि तिचं काम फक्त अडवण्याचं.

नटाचं काम वेगळं आहे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. चाक टिकतं ते या दाबावर. म्हणजे नट चाकाला अडवत नाही, तो पकड देतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता आटे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण मांडलं, कोन ५५ अंश. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नव्हतं. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचवला. त्याच वर्षी आपल्या पालघरवरून जाणारी बीबीसीआय रेल्वे मुंबईत ग्रँट रोडला पोचली. तेव्हाची ही दोन घराणी, पुढे मेट्रिक आलं, तरी घोळ संपला नाही. आजही बारा मिलिमीटरच्याच स्टडवर मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १.२५ चा आटा, तर होंडा-ह्युंदाईला १.५ चा. दिसायला सारखे, पण जबरदस्तीने फिरवले की आटे गेलेच म्हणून समजा.

विलीज जीप १९४९ पासून माझगावला जोडली जाऊ लागली. मूळ जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. माहीत नसलेला मेकॅनिक सोडवायच्या नादात तो आणखी आवळायचा आणि स्टड तोडायचा! (हशा) पुढे लक्षात आलं की नटाची बैठक शंकूसारखी असली आणि पकड नीट असली, तर उलट्या आट्यांची गरज नाही.

मग हलकेपणा आला कुठून? शर्यतीतून. फॉर्म्युला वनच्या गाडीला प्रत्येक चाकाला एकच मोठा नट असतो. २०२१ मध्ये मोनॅकोला मर्सिडीजच्या वाल्टेरी बोटासच्या गाडीचा असा एक नट सोडवताना त्याचे पैलूच घासले गेले. गाडी शर्यतीतून बाद झाली आणि ते चाक शेवटी कारखान्यात नेऊन काढावं लागलं. अख्खा संघ आणि उत्तम हत्यारं हाताशी असूनही!

टायटॅनियमची गोष्ट आपल्या किनाऱ्याजवळची आहे. १७९१ मध्ये विल्यम ग्रेगरला हे मूलद्रव्य कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत सापडलं. तसलीच इल्मेनाइटची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. पण वाळूतून उपयोगी धातू काढायला क्रोलची पद्धत यावी लागली, म्हणजे १९४० चं दशक उजाडलं. नंतर विमानं, मग रसायनांची उपकरणं, कारण खाऱ्या पाण्याला हा धातू दाद देत नाही. वजन पोलादाच्या साधारण ५६ टक्के.

आता हिशेब करू. समजा पोलादी नट ५० ग्रॅमचा, टायटॅनियमचा २८. सोळा नटांत वाचले ३५२ ग्रॅम, म्हणजे अर्धा तांब्या पाणीसुद्धा नाही. शिवाय नट आसाच्या मध्यापासून ५० मिलिमीटरवर, टायरची कड ३०० वर. फिरवण्याचा हिशेब अंतराच्या वर्गाने जातो, म्हणजे ३६ पट फरक. नटांवर वाचवलेले ३५२ ग्रॅम हे टायरच्या कडेवरच्या दहा ग्रॅमइतके! त्यापेक्षा हलका टायर घ्या.

मग निवड कशी करायची? इतिहास ज्या क्रमाने शिकला, त्याच क्रमाने. आधी आटा जुळतो का. मग बैठक: शंकूची की गोल, होंडाची मूळ चाकं गोल बैठकीची असतात. मग पकड. टायटॅनियमचे आटे एकमेकांना चिकटतात, तिथे घर्षण वाढलं तर टॉर्क पाना 'कट्' करतो पण स्टड ताणलेलाच नसतो. म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेलाच लेप आणि टॉर्क. ॲल्युमिनियमचा नट आणखी हलका, पण जव्हारचा घाट उतरताना ब्रेक तापतात आणि तापलं की ॲल्युमिनियम मऊ पडतं. चिंचणी-डहाणूच्या खाऱ्या हवेत तो पोलादी स्टडशी गंजतो, ते वेगळंच. आणि एमआयडीसीत सहज मिळतात म्हणून साधे स्टेनलेसचे नट टाकू नका. तेही चिकटतात, आणि नेहमीच्या स्टेनलेस बोल्टची ताकद चाकाच्या पोलादी बोल्टच्या निम्मीच असते.

वजनाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आणि कुठलाही नट घ्या, चाक बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा पाना लावा. बोईसरहून मनोरमार्गे हायवेला लागून मुंबईला पोचलात की तेवढं झालंच.

खिळीच्या जागी हात घालायची वेळ आपल्या घरातल्या कोणावर येऊ नये, एवढंच.