क्लोइऑन डिप्टेरम

मेफ्लाय कीटकांच्या एफेमेरोप्टेरा गणातील, बेटिडी कुलातली एक लहान जाती. तळी, डबकी, संथ कालवे, एवढेच काय, पावसाचे पाणी धरायला ठेवलेले पिंपही तिला चालते. यूरोप आणि आशियाच्या उत्तर भागात ती सर्रास आढळते. उत्तर अमेरिकेतही पोचली आहे. याच प्रजातीच्या इतर जाती भारतात आहेत. गणाच्या नावातला ग्रीक शब्द ‘एका दिवसापुरते’ अशा अर्थाचा आहे. या जातीच्या मादीला मात्र तो लागू पडत नाही.

शरीराची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. बहुतेक मेफ्लायना पंखांच्या दोन जोड्या असतात. हिच्यात मागची जोडी नाहीशी झाली आहे. लिनीअस यांनी 1761 मध्ये दिलेल्या जातिनामाचा अर्थही ‘दोन पंखांची’ असाच होतो.

आयुष्याचा मोठा भाग पाण्यात जातो. अर्भकाला केसाळ असे तीन पुच्छतंतू आणि पोटाच्या कडांना पानांसारखे कल्ले असतात. कल्ल्यांच्या सात जोड्यांपैकी पहिल्या सहा दुपदरी, सातवी एकपदरी. शेवाळ व कुजका पाचोळा हे त्याचे खाणे. चतुराची अर्भके आणि मासे हे त्याचे वैरी. पाण्यातला ऑक्सिजन घटला की ते कल्ले भराभर हलवून अंगाभोवती पाणी खेळते ठेवते. हिवाळ्यात बर्फाखाली ऑक्सिजन संपला तरी ते बरेच दिवस तग धरते, म्हणून ही जाती सापडली एवढ्यावरून पाणी स्वच्छ समजणे धाडसाचे. जॉन लबक या इंग्रज बँकरने 1860 च्या दशकात अर्भके पाळून त्यांच्या काती मोजल्या. त्या वीसहून अधिक भरल्या. डार्विनच्या या शेजाऱ्याची चिकाटी दांडगीच म्हणायची.

पाण्याबाहेर आलेला कीटक आधी उपप्रौढ असतो. पंख धुरकट, पण उडता येते. साधारण दिवसभरात तो पुन्हा एकदा कात टाकतो, तेव्हा पंख काचेसारखे लख्ख होतात. पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक आज याच गणात उरले आहेत. प्रौढाचे तोंड निरुपयोगी असल्याने खाणे कायमचे बंद. नराच्या डोक्यावर नेहमीच्या डोळ्यांखेरीज पागोटे चढवल्यासारखे दोन वाढीव डोळे असतात. घोळक्यात वरून जाणारी मादी त्यांनी टिपता येते.

समागमानंतर मादी दहा ते चौदा दिवस झाडोऱ्यात निश्चल बसून राहते. एवढ्या काळात अंडी तिच्या पोटातच वाढतात. मग ती पाण्यावर उतरते; अंडी पाण्याला लागताच मिनिटभरात फुटतात आणि पिल्ले पोहू लागतात. ती स्वतः तिथेच पृष्ठभागावर पंख पसरून मरते.

मेफ्लाय पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशावरून. काळा डांबरी रस्ताही तसाच प्रकाश फेकतो. हंगेरीतील संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिले, की ओढ्यांकाठच्या अनेक जातींचे घोळके अशा रस्त्यांवर घिरट्या घालतात, आणि माद्या कोरड्या डांबरावरच अंडी घालतात.