मुक्कामी जीप

मुक्कामी जीप : डांबरी रस्ता सोडून आडरानात काही रात्री राहता यावे, यासाठी सज्ज केलेले, चारही चाकांना ताकद मिळणारे (फोर-बाय-फोर) वाहन. प्रवास, झोप, स्वयंपाक आणि अडकल्यास सुटका या चार गरजा त्यातून भागतात. सज्जता कशी असावी हे जमीन ठरवते. या नोंदीत वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन (ता. मालेगाव) परिसराची काळी जमीन आधाराला घेतली आहे.

पूर्वपीठिका : वऱ्हाडात जत्रेला निघालेली बैलबंडी हे अशा वाहनाचे जुने रूप. कडबा, शिधा, पाण्याचे भांडे, अंथरूण आणि उन्हासाठी तट्ट्या एवढ्यावर मुक्काम होई. जीप दुसऱ्या महायुद्धात घडली. युद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच परंपरेतील ‘थार’ २०१० मध्ये आली व २०२० मध्ये नव्या रूपात बाजारात उतरली. ती नाशिकला तयार होते. नव्या थारच्या पोटाखाली २२६ मिमी. मोकळी जागा असून ती ६५० मिमी. खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते.

माती व टायर : काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत बसते. मग टायर गुळगुळीत होऊन चारही चाके जागीच फिरतात. रुंद खाचांचे मड-टेरेन टायर चिखल झटकून टाकतात, पण डांबरावर आवाज करतात व इंधन जास्त खातात. वर्षभराच्या वापराला ऑल-टेरेन टायर पुरतात. मऊ जमिनीवर हवा कमी केली की टायर पसरून पकड वाढते. डांबरावर परतण्याआधी ती पुन्हा भरावी लागते, म्हणून बारा व्होल्टचा पंप हवाच.

सुटकेची साधने : फावडे, चाकाखाली घालायच्या पट्ट्या, ताणणारा दोर आणि शॅकल (जोडकडी). दोर चासीच्या ठरावीक हुकालाच बांधावा. तो तुटल्यास उसळू नये म्हणून मध्यावर ओली ताडपत्री टाकतात आणि माणसांना लांब उभे करतात. गाडीवर बसवलेल्या विंचची (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट असावी. गावाजवळ मात्र खरा आधार शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर.

ओझे : उन्हाळ्यात माणशी रोज ५ लिटर पाणी धरल्यास चौघांना दोन दिवसांसाठी ४० लिटर, म्हणजे ४० किलो लागते. पाणी, बॅटरी व ५ किलोचे गॅस सिलिंडर खाली, दोन चाकजोड्यांच्या मधोमध घट्ट बांधतात. टपावरचा तंबू जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवतो, पण गुरुत्वमध्य वर नेतो. आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. दिवे व पंखा चालवण्यासाठी वेगळी बॅटरी असली की सकाळी इंजिन सुरू होण्याची खात्री राहते. गॅस नेहमी गाडीबाहेर, उघड्यावर पेटवावा.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. पुढचे लोखंडी क्रॅश गार्डही बेकायदेशीर आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश व मुक्काम करता येत नाही; शेतात थांबायचे तर मालकाला विचारावे.

वापसा : पावसानंतर जमीन औताला योग्य होते, त्या स्थितीला शेतकरी वापसा म्हणतात. गाडीलाही तोच नियम लागू आहे. ओल्या पांदणीत (शेतवाटेत) घुसलेली जड जीप सुटून जाते, पण तिने पाडलेली खोल चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि त्या वाटेने शेतकऱ्याला रोज ये-जा करावी लागते. म्हणून वापसा येईपर्यंत गावातच थांबणे हा मुक्कामी जीपच्या सज्जतेचाच भाग आहे.