ॲव्हिमायमस

क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धात (सु. ७ कोटी वर्षांपूर्वी) मंगोलियात राहणारा, पक्ष्यासारख्या बांध्याचा एक लहान डायनोसॉर. लांबी सु. १·५ मी.; मान व पाय लांब, पुढचे पाय आखूड आणि तोंड चोचीसारखे. प्रजातीच्या नावाचा अर्थ ‘पक्ष्याचे अनुकरण करणारा’ असा आहे. अपूर्ण अवशेषांवरून काढलेली अनुमाने कितपत ग्राह्य मानावीत, या दृष्टीने त्याच्या संशोधनाचा इतिहास उद्‌बोधक आहे.

सोव्हिएट संघ व मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमेला गोबी वाळवंटात या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. सेर्गेई कुर्झानोव्ह यांनी १९८१ मध्ये ॲव्हिमायमस पोर्टेन्टोसस या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सांगाडा अपूर्ण होता व त्यात शेपटीची हाडे नव्हती. तळहाताची हाडे पक्ष्यांप्रमाणे एकमेकांशी जुळून एक झालेली होती, तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एकावर लांबट कंगोरा होता. हा कंगोरा म्हणजे पिसे रुजण्याची जागा असावी, प्राण्याला थोडेफार उडता येत असावे आणि त्याला शेपूट नसावी, अशी अनुमाने कुर्झानोव्ह यांनी मांडली.

प्रत्यक्ष पिसांचा ठसा मात्र मिळालेला नव्हता. पिसे हे पक्ष्यांचेच खास लक्षण आहे, असे त्या काळी सामान्यतः मानले जाई. त्यामुळे केवळ हाडावरील एका खुणेचा आधार बहुतेकांना अपुरा वाटला. शिवाय गोबीतील वाळूच्या खडकांत हाडे चांगली टिकत असली, तरी पिसांसारखे नाजूक भाग सहसा टिकत नाहीत.

नवा पुरावा चीनच्या ल्याउनिंग प्रांतातून आला. तेथील प्राचीन सरोवरांच्या तळाशी साचलेल्या बारीक गाळात व ज्वालामुखीच्या राखेत मृत प्राण्यांच्या त्वचेवरील आवरणाचेही ठसे राहिले आहेत. १९९६ मध्ये वर्णिलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या अंगावर तंतुमय आवरण आढळले. १९९८ मध्ये वर्णिलेल्या कॉडिप्टेरिक्सच्या हातांवर व शेपटीवर खरीखुरी पिसे होती; हा डायनोसॉर ॲव्हिमायमसच्याच ओव्हिरॅप्टोरोसॉरिया या गटातील आहे. पुढे २००७ मध्ये मंगोलियातीलच व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळे जेथे चिकटतात तशा उंचवट्यांची रांग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. यांमुळे ॲव्हिमायमसला पिसे होती, हे अनुमान आता सयुक्तिक मानले जाते. मात्र त्याचा मुख्य आधार या प्राण्याचे आप्तसंबंध हा आहे. मूळ हाडावरील खुणेचे कार्य अजून निश्चित झालेले नाही.

इतर दोन अनुमाने टिकली नाहीत. नंतर मिळालेल्या सांगाड्यांत शेपटीचे मणके आढळले. म्हणजे पहिल्या नमुन्यात नव्हती ती शेपटीची हाडे, शेपूट नव्हे. आखूड हातांमुळे उडण्याची कल्पनाही मागे पडली. एकाच ठिकाणी साठलेल्या अनेक ॲव्हिमायमसांच्या हाडांचे वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून हे प्राणी कळपाने राहत असावेत, असे दिसते. ॲव्हिमायमस नेमेगटेन्सिस ही दुसरी जाती २०१८ मध्ये नोंदली गेली.