चिमुकल्या वाघिणींतील कोळसा

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीवर धावणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या आणि त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये, त्यांच्याच कारखान्याने ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान मापाची गाडी काढली, त्या काळात इंग्लंडातील खऱ्या रुळांवर खाणमालकांच्या व कोळसाव्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या, धन्याचे नाव ठळक अक्षरांत मिरवणाऱ्या लाखो लाकडी वाघिणी फिरत होत्या. १९३९ च्या युद्धारंभी त्या सरकारी अंमलाखाली गेल्या, १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ते रंगवैभव छांदिष्टांच्या मेजावरच काय ते उरले.

पण वाघीण भरायची कशाने? साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा तकतकीत ढीग मला तरी डांबराच्या वडीसारखा दिसतो. १:७६ या प्रमाणात फूटभर लांबीचे ढेकूळ अवघे ४ मिलिमीटर भरते, हा हिशेब ध्यानी घेऊन जाणकार कारागीर खराच कोळसा फडक्यात बांधून हातोडीने फोडतो, चाळून एकजात खडे निवडतो, आणि काळ्या रंगविलेल्या लाकडी ठोकळ्यावर ते पसरून पातळ केलेला गोंद थेंबाथेंबाने मुरवतो. खाणीवरील पन्हळीखालून वाघीण थांबत थांबत सरके, म्हणून ठोकळ्याच्या माथ्यावर दोन-तीन उंचवटे कोरण्याचा तपशीलही तो चुकवीत नाही. ठोकळा मात्र वाघिणीला कायमचा चिकटवीत नाहीत. भरल्या वाघिणी शहराकडे, रिकाम्या खाणीकडे, हाच मूळचा शिरस्ता असल्यामुळे काही खटपटी मंडळी त्यात लोखंडाचा तुकडा दडवतात आणि परतीच्या फेरीपूर्वी लोहचुंबकाने सारा माल अलगद उचलून घेतात.